जपानी पाठ-अभ्यासाच्या दोन रीती: आपल्या शाळेनं कोणती निवडावी?

जपानच्या शाळांमधल्या अध्यापनाविषयी वाचायला घेतलं की ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे पाठ-अभ्यास, लगेच समोर येतो. शिक्षकांनी मिळून एक पाठ आखायचा, एकानं तो वर्गावर घ्यायचा, बाकीच्यांनी पाहायचा आणि नंतर एकत्र बसून त्यावर बोलायचं. पण या एकाच नावाखाली तिथे निदान दोन वेगळ्या रीती चालतात आणि दोन्हींत निरीक्षकांची नजर वेगवेगळ्या ठिकाणी असते. पहिलीत पाहतात, ठरवलेल्या प्रश्नानं मुलांकडून अपेक्षित विचार करून घेतला का. दुसरीत पाहतात, वर्गातलं कोणतं मूल शिकलं आणि कोणतं कुठे सुटलं. मुख्याध्यापकांना किंवा केंद्रप्रमुखांना सुरुवात करायची असेल, तर आधी या दोहोंतली एक निवडावी लागेल.

प्रश्नाभोवती रचलेला पाठ

ही रीत प्राथमिक गणितात सर्वांत पक्की झालेली आहे. जपानी प्राथमिक शाळेचा तास 45 मिनिटांचा. पहिली पाच-सात मिनिटं प्रश्न मांडण्यात जातात, मग दहा-पंधरा मिनिटं मुलं एकेकटी झगडतात, त्यानंतर सगळा वर्ग मिळून उत्तरांवर चर्चा करतो (तिला नेरिआगे म्हणतात) आणि शेवटी गोषवारा. रीत आधी दाखवून मग उदाहरणं सोडवायला लावणं इथे नाही.

खरं काम प्रश्नातल्या आकड्यांचं. पहिलीच्या हातच्याच्या वजाबाकीसाठी 13 − 9 घेतलं, तर मुलं दहातून 9 काढतात आणि उरलेल्या 1 मध्ये 3 मिळवतात. 12 − 3 घेतलं, तर आधी 2 काढून दहावर येतात, मग आणखी 1 काढतात. दोन्ही बरोबरच, पण पहिली रीत शिकवायची असताना दुसरे आकडे दिले, तर वर्गात ती रीत उगवतच नाही. म्हणून पाठ घेण्याआधी आठवडेच्या आठवडे आशयाचा अभ्यास चालतो. जपानमध्ये प्राथमिक गणिताची सहा प्रकाशकांची मंजूर पुस्तकं आहेत. शिक्षक ती शेजारी शेजारी ठेवून पाहतात: एकानं इथे 13 का घेतला, दुसऱ्यानं 12 का, चित्र आधी का, बेरीज-वजाबाकीचा क्रम असा का.

पाठ टाचणात मुलांची संभाव्य उत्तरं, चुकीचीसुद्धा, लिहिलेली असतात आणि प्रत्येकापुढे शिक्षकानं काय करायचं तेही. मुलं सोडवत असताना शिक्षक बाकांमधून फिरतो, हातात वर्गाचा बैठक-नकाशा असतो, कोणी कोणती रीत वापरली ते टिपतो आणि कोणाला कोणत्या क्रमानं फळ्याशी बोलवायचं ते तिथेच ठरवतो. फळा तासभर पुसत नाहीत. डावीकडे प्रश्न, मध्ये मुलांच्या रीती, उजवीकडे गोषवारा, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत मूल मागे वळून सगळा प्रवास पाहू शकतं. आपल्याकडे डी.एड.ला फलकलेखनाचे गुण असतात, पण ते बहुतेक अक्षराच्या वळणाचे. इथे फळा हे विचाराचं साधन आहे, आणि या रीतीतली सर्वांत लवकर उचलता येण्याजोगी गोष्टही हीच.

बिघडतं ते मुख्यतः चर्चेत. पाच मुलांनी पाच रीती लिहिल्या, टाळ्या झाल्या, तास संपला. या रीतींमध्ये सारखं काय, कोणती कधी सोयीची, चुकीच्या उत्तरात बरोबर काय होतं, हे कोणी विचारलंच नाही. दुसरा बिघाड आशयाच्या अभ्यासात: तो एका बैठकीत उरकला की टाचण म्हणजे जुनंच टाचण नव्या रकान्यांत. तिसरा, शिक्षक गोषवारा टाचणातून उतरवून देतो, मग आधीची पंधरा मिनिटं मुलांच्या लेखी वाया जातात.

पुराव्याच्या बाजूनं ही रीत भक्कम आहे, पण सरसकट नाही. 1995 च्या टिम्स (गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय तुलनात्मक पाहणी) व्हिडिओ अभ्यासात जपानमधले आठवीचे 50 गणिताचे तास चित्रित झाले. त्यांत मुलं स्वतः काम करत असतानाच्या वेळापैकी सुमारे 44 टक्के वेळ नवी रीत शोधण्यात किंवा विचार करण्यात गेला होता. अमेरिकेत हाच वाटा एक टक्क्याहून कमी होता. 2017 मध्ये कॅथरीन लुईस आणि रेबेका पेरी यांनी अपूर्णांकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात शिक्षकांच्या 39 गटांपैकी काहींना पाठ-अभ्यासासोबत अपूर्णांकांचं निवडक साहित्य दिलं होतं. तिथे शिक्षकांचं आणि मुलांचं, दोघांचंही ज्ञान वाढलं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या 181 प्राथमिक शाळांतल्या मोठ्या चाचणीचा अहवाल आला. पाठ-अभ्यास केलेल्या शाळांतल्या मुलांचे वाचन आणि गणिताचे गुण इतरांपेक्षा वाढल्याचं त्यात दिसलं नाही. तुलनेच्या शाळांतही शिक्षक एकमेकांचे तास पाहत होतेच, हे लक्षात घ्यायला हवं. तरी आमचं मत स्पष्ट आहे: एकमेकांचे पाठ पाहणं पुरत नाही, समोर चांगलं आशय-साहित्य लागतं.

शिकणारा समुदाय म्हणून शाळा

दुसरी रीत जपानी शिक्षणतज्ज्ञ मानाबू सातो यांची. 1998 मध्ये कानागावा प्रांतातल्या चिगासाकी शहरात हामानोगो प्राथमिक शाळा या विचारावर सुरू झाली, तोशिआकी ओसे तिचे मुख्याध्यापक. पुढे शिझुओका प्रांतातल्या फुजी शहरात गाकुयो माध्यमिक शाळेनं ती घेतली. अभ्यासातून मन काढून घेणारी, वर्गात असून नसल्यासारखी मुलं ही या रीतीमागची चिंता.

बाकं तीन बाजूंनी मांडतात, म्हणजे बोलणाऱ्याचा चेहरा सगळ्यांना दिसतो. तिसरीपासून पुढे चारांचे गट, मुलं-मुली मिश्र, पहिली-दुसरीत जोड्या. गटाला नायक नसतो आणि एकच उत्तर काढायची सक्तीही नसते. हुशारानं इतरांना शिकवावं अशी अपेक्षा नाही. उलट, ज्याला अडलं त्यानं शेजाऱ्याला ‘हे कसं गं?’ असं विचारावं, आणि विचारलेल्यानं उत्तर द्यावं. एका तासात दोन कामं: एक पुस्तकाच्या पातळीचं, दुसरं त्याहून वरचं, ज्याला उडीचं काम म्हणतात. हे दुसरं काम हुशार मुलांसाठी राखलेलं नाही, सगळ्या वर्गाला दिलं जातं.

प्रत्येक शिक्षकानं वर्षातून किमान एक तास सहकाऱ्यांसाठी खुला करायचा. निरीक्षक मागच्या भिंतीशी नाही, बाजूला पुढे उभे राहतात, कारण मुलांचे चेहरे आणि हात दिसायला हवेत. नंतरच्या बैठकीत पाठ घेणाऱ्याला सल्ला द्यायचा नाही. कोणत्या मुलाला कोणत्या क्षणी कळलं, कोण कुठे अडलं, त्यातून आपण काय शिकलो, एवढंच बोलायचं. आधीच्या आखणीपेक्षा नंतरच्या चिंतनाला जास्त वेळ, आणि तो वेळ काढण्यासाठी शाळेतल्या समित्या आणि बैठका कमी करायच्या.

इथे सर्वांत जास्त वेळा फसतं ते काम सोपं दिल्यामुळे. एकजण तीन मिनिटांत उत्तर काढतो, तिघं उतरवून घेतात, गटात बोलायला काही उरत नाही. बाकं अपुरी म्हणून सहाचे गट केले की दोघं गप्प होतात. गटांचं काम चालू असताना शिक्षक मोठ्या आवाजात सूचना देत राहिला, तर मुलांचं आपसातलं ऐकणं तुटतं. सर्वांत मोठी उणीव मात्र रीतीच्या आतच आहे: सगळी नजर मुलांच्या नात्यांवर असल्यानं आशयातली चूक बैठकीतून न टोकता निसटू शकते. कोरिया, चीन, तैवान, इंडोनेशियापर्यंत ही रीत पोचली आहे, पण तिचा पुरावा मुख्यतः शाळांच्या सविस्तर वर्णनांचा आहे.

निवड कशावरून

पहिली ते पाचवीत गणित कच्चं असेल आणि शिक्षकांना ‘हे असंच का’ यावर बोलायला आवडत असेल, तर पहिली रीत घ्यावी. ती एका विषयात, तीन-चार शिक्षकांत सुरू होते. मात्र विषय जाणणारा बाहेरचा तज्ज्ञ हवा. जपानमध्ये बैठकीचा शेवट त्याच्या टिप्पणीनं होतो. तो मिळत नसेल तर ही रीत महिन्या-दोन महिन्यांत कोरडी पडते.

सातवी ते दहावीत मुलं गप्प असतील आणि शिक्षक आपापल्या वर्गाचं दार लावून शिकवत असतील, तर दुसरी. ती सगळ्या शाळेनं मिळूनच करायची असते. निम्म्या शिक्षकांनी केली, तर मुलांना एका तासाला बोलायचं आणि पुढच्या तासाला गप्प बसायचं असे दोन नियम मिळतात. मुख्याध्यापक स्वतः दर खुल्या तासाला हजर राहणार नसतील, तर ती न घेतलेलीच बरी.

पहिल्या वर्षी दोन्ही एकत्र करू नका. एक निरीक्षक एका तासात फळा आणि उत्तरांच्या रीती तरी नीट टिपू शकतो किंवा चार मुलांचा एक गट तरी. दोन्ही टिपायला गेला की वहीत तुटक शेरेच उरतात.

वेळेचा हिशेबही आधी करावा. जपानमध्ये संशोधन-पाठाच्या, म्हणजे सहकाऱ्यांनी पाहायच्या पाठाच्या, दिवशी बाकीचे वर्ग लवकर सोडतात आणि ज्या वर्गावर पाठ आहे तेवढाच थांबतो. शिक्षकांविषयीच्या 2018 च्या ‘तालिस’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत तिथल्या माध्यमिक शिक्षकांचा कामाचा आठवडा 56 तासांचा निघाला, म्हणजे हे सगळं तिथेही फुकट होत नाही. दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेला एकमेकांचा तास पाहणं जमणारच नाही. तिथे केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेचा दिवस वापरावा: यजमान शाळेत एक पाठ, मग दोन तास चर्चा, आणि त्या दिवशी दुसरा विषय नाही. आपल्याकडचा तास बहुधा 35 ते 40 मिनिटांचा. तेवढ्यात प्रश्न मांडून होतो, मुलं सोडवतातही, पण घंटा होते ती नेमकी चर्चेच्या तोंडावर. म्हणून संशोधन-पाठासाठी वेळापत्रकात जोडतास घ्यावा.