"पूर्ण वायरिंग जळलंय" म्हणतात तेव्हा

एका कारची तक्रार साधी होती. म्युझिक सिस्टीम आणि चार्जिंग सॉकेट एकदम बंद. दोन्हींचा मिळून असलेला १५ अँपियरचा निळा फ्यूज उडालेला, आणि नवा घातला की तोही लगेच उडतो. वर्कशॉपने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, डॅशबोर्डमागचं पूर्ण वायरिंग जळलंय, हार्नेस (तारांचा बांधलेला अख्खा संच) बदलावं लागेल, कदाचित कंट्रोल मॉड्यूल (उपकरणं चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) पण. पुरावा म्हणून काळवंडलेल्या तारांचा झुबका दाखवला, मल्टिमीटरची 'पीं' ऐकवली, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की मीटर वाजतो ती. मालकाने पैसे भरले. महिन्याभरात गाडीत जळका वास यायला लागला.

दुसऱ्या ठिकाणी डॅश उघडला तर हार्नेस जुनंच. टेपवर धुळीचा थर, पार्ट नंबरचं स्टिकर जागच्या जागी, कंपनीची एकही क्लिप निघालेली नाही. झुबका कुठल्या भलत्याच गाडीचा होता. खरा दोष एवढाच की, बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमची तार ब्रॅकेट आणि मागच्या लोखंडी बीममध्ये चेपली होती आणि करंगळीच्या नखाएवढी सोलली होती. ती जराशी बाजूला ओढून वर टेप गुंडाळली होती, आणि १५ च्या जागी ३० चा हिरवा फ्यूज ठोकला होता.

फसवणुकीचा सगळ्यात घातक भाग हा हिरवा फ्यूज. सोललेली तार धक्क्याने बॉडीला अर्धवट टेकते, १५ चा फ्यूज उडाला असता, ३० चा तग धरतो. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. मग फ्यूजऐवजी तार तापते आणि शेजारच्या चांगल्या तारांचं इन्सुलेशनही वितळवते. आधी खोटं असलेलं 'वायरिंग जळलंय' असं खरं ठरतं!

मीटरच्या 'पीं'वर तर मुळीच जाऊ नका. २१ वॅटच्या थंड बल्बचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे बल्ब जोडलेली धडधाकट लाइनही मीटरवर शॉर्टसारखीच (तार थेट बॉडीला टेकल्यासारखीच) वाजते. त्या फ्यूजवर चालणारी सगळी उपकरणं कपलरमधून (तारा जोडणाऱ्या प्लगमधून) सोडवल्यानंतर जी 'पीं' येते, तिलाच काही अर्थ आहे.

शॉर्ट शोधायची खरी पद्धत स्वस्त आहे, फक्त चिकाटी लागते. फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडायचा. उपकरणं सोडवलेली असताना बल्ब लख्ख पेटला तर लाइन कुठेतरी बॉडीला लागलीय. बल्बमुळे करंट पावणेदोन अँपियरच्या वर जात नाही, म्हणून तारेला धोका नाही. (बल्ब मात्र चटका देतो, प्लास्टिकवर टेकवू नका.) आता एकेक कपलर सोडत जायचं. जो सोडल्यावर बल्ब विझला, त्याच्या पुढच्या भागात दोष. शॉर्ट येऊन-जाऊन होत असेल तर हार्नेस हाताने हलवायचं, बल्ब लुकलुकला की बोट बरोब्बर जागेवर आहे. आधी बघायच्या जागा ठरलेल्याच: सिस्टीमच्या मागची ब्रॅकेट, वर-खाली होणाऱ्या स्टीअरिंगचा सांधा, ग्लव्ह बॉक्सचा बिजागर, नंतर मारलेले स्क्रू, इंजिनकडून तारा आत येतात तिथलं रबर. चार्जिंग सॉकेटमध्ये पडलेलं नाणं तर नेहमीचंच.

पिवळ्या आवरणाच्या तारा एअरबॅगच्या. त्यांना मीटर वा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. त्यांच्याजवळचं पॅनल उघडायच्या आधी बॅटरीचा मायनस काढून मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबायचं.

मॉड्यूल गेलं असं सांगताना स्कॅनरवर कम्युनिकेशनचे एरर कोड (मॉड्यूलशी संपर्क होत नाही असे) दाखवले जातात. बॅटरी उतरली किंवा फ्यूज उडाला तरी हेच एरर येतात. शॉर्ट काढा, बॅटरी चार्ज करा, कोड पुसा, गाडी चालवा. त्यानंतरही तोच कोड आला, मॉड्यूलला प्लस आणि अर्थिंग नीट मिळतायत हे तपासलं, तरच मॉड्यूलचा विचार.

दुरुस्ती म्हणजे जळका तुकडा कापून तेवढ्याच जाडीची तार जोडणं, सोल्डर किंवा चांगलं क्रिंप (दाबून बसवलेला धातूचा जोड), वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि कापडी हार्नेस टेप. साधी पीव्हीसी टेप डॅशच्या उष्णतेने चिकट होऊन सुटते. तार ब्रॅकेटपासून लांब बांधली नाही तर तीच जागा पुन्हा सोलणार.

त्यामुळे हार्नेस बदलायचं एस्टिमेट आलं की होकार देण्याआधी शॉर्टची नेमकी जागा गाडीतच दाखवायला सांगा, आणि दुरुस्तीआधी तिचा फोटो मागा. खरंच हार्नेस बदललं तर जुनं परत घ्या. कपलर आणि स्टिकर आपल्याच गाडीचे आहेत का, ते तिथेच पडताळा. गाडी ताब्यात घेताना फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा आणि त्यावर छापलेल्या आकड्याशी फ्यूजचा रंग जुळवा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.