अकरा नगांचा ट्यूब संच: पाठीसाठी घ्या, बाकीचं फुकटात होतं

नाशकात गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की गोदाकाठचं चालणं-पळणं बंद, आणि माणूस आपोआप घरात. अशा दिवसांत छातीची आणि पायांची फारशी चिंता नको. दंड-बैठकांना एक सतरंजी पुरते. अडतं ते पाठीचं. दंड मारताना आपण जमीन ढकलतो, बैठकीत स्वतःला उचलतो. ओढण्याचं काम दोन्हींत नाही. यशवंत व्यायामशाळेत मल्लखांब आहे, आपल्या हॉलमध्ये नाही. व्यायामासाठी ताणायच्या रबरी ट्यूबचा संच घ्यायचा तो या एका कमतरतेसाठी.

हा संच दहा-बारा नावांनी मिळतो, पण आतला माल जवळजवळ सारखाच. पाच ट्यूब, दोन हँडल, घोट्याला बांधायचे दोन पट्टे, दारात अडकवायचा एक पट्टा आणि पिशवी. साधारण पाचशे ते हजार रुपये. ट्यूबवर बहुतेक वेळा १०, १५, २०, २५ आणि ३० पाउंड छापलेलं असतं; त्यांची बेरीज करून खोक्यावर ‘१०० पाउंड’ असं ठळक लिहितात. म्हणजे ४५ किलो. हा आकडा मनावर घेऊ नका. रबर जितकं ताणाल तितका जोर वाढतो. छापलेला जोर मिळतो तो चांगलं ताणल्यावर, सुरुवातीला त्याच्यापेक्षा बराच कमी. रंगांचंही तसंच, एका कंपनीचा लाल दुसरीच्या निळ्याइतका निघतो. खात्री करायची असेल तर सामान तोलायचा हुकवाला काटा ट्यूबला लावून ओढून बघा.

संचातली खरी मोलाची वस्तू म्हणजे दाराचा पट्टा, आणि सगळ्यात जास्त चुका त्याच्याच होतात. नियम एकच: दार आपल्यापासून पलीकडे उघडणारं हवं. मग आपण ओढू तसं ते चौकटीत घट्ट बसतं. फ्लॅटमध्ये बेडरूमची दारं बहुधा आत उघडतात, म्हणून व्यायाम हॉलच्या किंवा पॅसेजच्या बाजूने करायचा; पट्ट्याचा फोमचा गोळा बेडरूमच्या बाजूला राहील. उलट्या बाजूने ओढलं तर सगळा भार एका लॅचवर येतो, आणि लॅच त्यासाठी केलेलं नसतं. पट्टा बिजागरीच्या बाजूने घालावा, कडी लावावी, आणि आत कुणी असेल तर आधी सांगून ठेवावं. बाथरूमचं पीव्हीसीचं दार, सरकतं अॅल्युमिनियमचं दार, पंचवटीतल्या जुन्या वाड्याचं दोन फळ्यांचं दार, तिन्ही बाद. पावसाळ्यात फ्लश डोअर, म्हणजे फ्लॅटमधलं सपाट लाकडी दार, फुगतं आणि पट्टा फटीत जात नाही. तेव्हा दार आपटून बसवू नका, पट्ट्याची वीण तिथेच कुरतडली जाते. दुसरं सैल दार शोधा.

आता ओढण्याचं. पट्टा बेंबीच्या उंचीवर, ट्यूब त्याच्या फासातून अर्धी-अर्धी. ट्यूब साधारण १२० सेंटीमीटरची, म्हणजे प्रत्येक हाताच्या वाट्याला ६० येतात. मूळ लांबीच्या अडीच पटीपुढे रबर ताणू नये, म्हणून दारापासून हातापर्यंत पाच फुटांच्या आतच राहायचं. साडेचार फुटांवर उभं राहिलात तर हात पुढे असताना ट्यूब जेमतेम ताठ होते आणि कोपरं मागे गेल्यावर भरपूर ताणते. कोपरं बरगड्यांना घासत मागे, खवाटे एकमेकांकडे, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत परत. १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या.

इथे रबराची खोड लक्षात घ्यावी. डंबेलचं वजन सगळीकडे तेवढंच. रबर मात्र शेवटी सर्वात जड होतं, नेमकं जिथे पाठीचे स्नायू आखडलेले आणि कमजोर असतात. जाड ट्यूब घेतलेला माणूस त्या शेवटच्या चार इंचांत हार मानतो, कोपर अर्ध्यावरून परत आणतो आणि खांदे कानांकडे उचलतो. पाठ बाजूला राहते, मान दुखते. त्यामुळे एक क्रमांक खालची ट्यूब घ्या, पण ओढ पुरी करा. पंधरा सहज व्हायला लागले की पुढची ट्यूब.

दुसरा प्रकार: पट्टा दाराच्या वरच्या फटीत, आपण अडीच फुटांवर गुडघ्यांवर बसून हात वरून खांद्यांपर्यंत खाली. गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर हवीच. पायात ट्यूब अडकवून बसून ओढणं मात्र टाळा. तळव्यावरून निसटली की थेट तोंडावर येते.

पायांसाठी हा संच कमी पडतो. ज्या मांड्या रोज अख्खं शरीर उचलतात त्यांना ३० पाउंडांचं काय! पाचही ट्यूब एका हँडलला लावून काम भागवावं म्हटलं, तर सगळा ताण हँडलच्या शिवलेल्या पट्टीवर येतो, आणि स्वस्त संचात तीच शिवण पहिली उसवते. घोट्याचे पट्टे पिशवीतच राहतील.

दमाचं कामही याने होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आहे. ट्यूब फक्त दुसरी अट भागवते. पहिलीसाठी इमारतीचा जिना चढा-उतरा.

ट्यूब तुटते ती बहुधा टोकाशी, धातूच्या कडीजवळ. आठवड्यातून एकदा ती ताणून उजेडात बघा. बारीक भेग किंवा पांढुरका डाग दिसला की ती ट्यूब बाद, गाठ मारून वापरायची नाही. लॅटेक्सचे वैरी ऊन आणि तेल. मे महिन्यात गॅलरीत टांगून ठेवलेली ट्यूब लवकर चिकट होते. अंगाला तेल लावून व्यायाम करणाऱ्यांनी आधी हात पुसावेत. डिसेंबरच्या थंडीत सकाळी रबर ताठरतं, तेव्हा पहिली फेरी हलक्या ट्यूबवर. वापर झाला की कोरड्या फडक्याने पुसून थोडी टाल्कम पावडर लावायची आणि पिशवीत सैल गुंडाळून कपाटात ठेवायची.