रेझिन की तार?

शिल्पात माती, दगड, ब्राँझ यांच्या पलीकडचं काही करून पाहायचं ठरवलं की बरेच जण शेवटी एपॉक्सी रेझिन (पातळ असताना ओतायचं, मग घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) आणि विणलेली तार या दोहोंपाशी येऊन थांबतात. मी दोन्हींत काम केलं आहे. हल्ली माझ्या टेबलावर जास्त करून तारच असते.

आधी रेझिनबद्दल, कारण त्याची बाजू खरोखर भक्कम आहे. भरीवही आणि उजेड आत घेणारंही, असं दुसरं फारसं काही नाही. ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांनी १९९५ साली खुर्च्या-स्टुलांखालच्या शंभर रिकाम्या जागा रेझिनमध्ये ओतल्या. एरवी जिच्याकडे कुणी पाहत नाही ती पोकळीच तिथं वस्तू होऊन बसते. तारेनं हे साधणार नाही. रेझिन पिवळं पडतं ही तक्रार खरी आहे, पण थेट उन्हापासून लांब ठेवलेल्या माझ्या कामांत तरी मला ती फारशी खुपली नाही.

मला खुपलं ते घड्याळ. रेझिन घट्ट करणारा हार्डनर मिसळला की वेळ मोजायला सुरुवात होते. एकदम भांडंभर कालवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेनं आणखी लवकर घट्ट होतं. जाड थर ओतला तर तापून तडकतो. म्हणजे आकाराचा सगळा विचार ओतण्याआधीच संपलेला हवा. माझं तसं होत नाही. हात चालू लागला की मग मला सुचतं. जरा मागं सरकून बघावं, ही बाजू थोडी फुगवावी, असं वाटेपर्यंत मिश्रण दाट झालेलं असतं. पुढं उरतं ते मास्क लावून तासन् तास घासत बसणं.

तार वाट बघते. अमेरिकी शिल्पकार रूथ असावा (Asawa) १९४७ साली मेक्सिकोत तोलुका इथं टोपल्या विणणाऱ्यांकडून ही वीण शिकल्या आणि पुढं एकमेकांत अडकवलेल्या तारेच्या त्याच फाशांतून आकाराच्या पोटात आकार गुंफत गेल्या. आरपार दिसणं हवंच असेल, तर ते इथंही मिळतं. भारतीय शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी तार नव्हे, दोर घेतला; पण आधी रेखाटन न करता, गाठीमागून गाठ मारत माणसाहून उंच आकृती उभ्या करण्याची त्यांची रीत मला याच घराण्यातली वाटते.

तारेचा जाच नाही असं नाही. बोटं सोलतात, काम गोगलगायीच्या गतीनं सरकतं. तांबं वाकवून वाकवून कडक होतं. मग ते लालसर होईपर्यंत तापवून पुन्हा नरम करावं लागतं. फार बारीक तारेचा मोठा आकार स्वतःच्याच वजनानं लोंबतो.

एकाच आकाराच्या अनेक प्रती काढायच्या असतील, किंवा शिल्प आधीच पूर्ण डोळ्यांपुढं उभं असेल, तर रेझिन घ्यायला हरकत नाही. त्या घड्याळाचा तुम्हाला कदाचित त्रासही होणार नाही. मन अजून ठरत नसेल तर मात्र नरम तांब्याची तार घ्या आणि साध्या नळीच्या आकारापासून सुरुवात करा. मनासारखं झालं नाही तर शेवटच्या फाशापासून उसवता येतं. उसवलेल्या तारेत वळ्या राहतात, पण त्या हातानं बऱ्याचशा सरळ होतात.