ड्रुपल ११ : चादर-टॉवेलच्या कारखान्यात सात-आठ महिने वापरल्यानंतर

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे पुढचं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. सोलापुरात राहून सीएमएसचं (वेबसाईटचा मजकूर टाकायच्या-सांभाळायच्या सॉफ्टवेअरचं) काम करतो, म्हणजे वेबसाईटसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ते ठरवून देणं, बसवणं, जुना मजकूर नव्यात आणणं आणि मग ऑफिसातल्या माणसांना शिकवणं. जुमला १.५ च्या काळापासून यातच आहे, मग वर्डप्रेस, मग ड्रुपल ७ (ही तिन्ही सीएमएसच), मधे काही वर्षं बाहेरच्या मोठ्या कंपन्यांसाठी लायसनवाली महागडी सीएमएस पण बसवली. "सर कोणतं घेऊ" असे फोन सारखे येतात, फोनवर सांगून भागत नाही, म्हणून लिहितोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी पावसाळ्याच्या तोंडावर ड्रुपल ११ लाइव्ह केलं, आता जानेवारीतली गड्ड्याची जत्रा पण होऊन गेली, दिवाळीची ऑर्डरची गर्दी, लग्नसराई, रेट बदलणं, सगळं त्या साईटवर बघून झालं. लाइव्ह झाल्या दिवशी लिहिलेल्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो, त्या दिवशी सगळंच छान दिसतं.

जुनी साईट ड्रुपल ७ वर होती. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं आणि ५ जानेवारी २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, म्हणजे एकाच आवृत्तीवर चौदा वर्षं, हे फार कमी सॉफ्टवेअरच्या नशिबी येतं. पण ७ वरून ११ ला जाणं हे बटण दाबून अपडेट होणारं काम नाही बरं का. २०१५ मध्ये ड्रुपल ८ आलं तेव्हा आतली बांधणीच बदलली, सिम्फनी नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचे तयार भाग घेतले, पानांच्या साच्यांसाठी ट्विग नावाची नवी पद्धत आली, त्यामुळे ७ वाल्यांना नवी साईट उभी करून जुना मजकूर उचलून त्यात आणावा लागतो. ८ च्या पुढे मात्र ९, १०, ११ असं जाणं बरंच सरळ आहे. तुमची साईट अजून ७ वर असेल आणि कोणी "आठवड्यात करून देतो" म्हणत असेल तर नीट विचारा की नक्की काय करून देणार.

आता मुद्द्याचं. सीएमएस चांगलं की वाईट हे बसवणाऱ्याने ठरवायचंच नाही असं माझं पक्कं मत झालंय, ते रोज सकाळी लॉगिन करणाऱ्या माणसाने ठरवायचं. इथे ते माणूस म्हणजे ऑफिसातल्या अक्का. घरात तेलुगू, ऑफिसात मराठी, डिस्पॅचचं आणि बिलाचं काम सांभाळून वेबसाईट बघतात, सोलापूरच्या पूर्व भागात अशी माणसं घरोघरी सापडतील. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. पहिल्याच मीटिंगला अण्णा म्हणाले, "वेबसाईट तुमची नको, आमची पायजे, तुम्ही नसताना चालली पायजे." माझ्या सगळ्या कामाची परीक्षा एवढ्या एका वाक्यात आहे, आणि हा रिव्ह्यू पण त्याच मापाने लिहितोय.

सुरुवातीचे काही आठवडे मी सॉफ्टवेअरला हातच लावला नाही. माग बघितले, पॅकिंगवाल्यांशी बोललो, गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं ते टेलिफोनशेजारी बसून ऐकलं. जुन्या साईटवर प्रत्येक मालाची माहिती म्हणजे एक लांबलचक परिच्छेद, साईज त्यातच, वजन त्यातच, रंग त्यातच, आणि डीलर विचारतो काय तर "तीस-साठचा टॉवेल, साडेचारशे जीएसएमच्या वरचा, पांढरा आहे का". जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, टॉवेलच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो. मग ड्रुपलमध्ये टॉवेलचा वेगळा कंटेंट टाईप (माहिती भरायचा साचा) केला, जीएसएम आकड्याचं फील्ड (म्हणजे वेगळा रकाना), लांबी-रुंदी आकड्यांची, रंग आणि बॉर्डर निवडायच्या यादीतून. चादरीचा टाईप वेगळा, त्यात जेकार्डचं डिझाईन, मयूरपंख वगैरे, सिंगल की डबल. व्ह्यूजने (ड्रुपलमधली याद्या बनवायची सोय) त्यावर फिल्टर लावले आणि आता डीलर स्वतःच शोधतो. यासाठी कोडची एक ओळ लिहावी लागली नाही. ड्रुपल कशासाठी घ्यायचं असं कोणी विचारलं तर मी हेच दाखवतो, मजकुराचे तुकडे नीट वेगळे पाडून ठेवता येणं. वर्डप्रेसमध्ये पण प्लगइन टाकून होतं, पण इथे ते मुळातच आहे.

असंच दुसरं, सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, त्याची माहिती आणि अस्सल माल कसा ओळखायचा हा मजकूर प्रत्येक चादरीखाली हवा होता. तो एकाच जागी लिहून ठेवलाय आणि सगळीकडे तोच दिसतो. अक्कांनी परवा त्यातलं एक वाक्य बदललं, सगळ्या पानांवर बदललं. जुन्या साईटवर हेच करायला पानंपानं उघडत बसायला लागायचं.

भाषांचं सविस्तर सांगतो कारण यावर मराठीत कोणी लिहीत नाही. साईट मराठी, इंग्रजी आणि तेलुगू, कारण वारंगळ-हैदराबादकडचे डीलर आहेत. ड्रुपलमध्ये भाषांची सोय कोअरमध्येच (मूळ सॉफ्टवेअरमध्येच) आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, आणि फील्डवार ठरवता येतं की वर्णनाचं भाषांतर होईल पण जीएसएमचा आकडा तिन्हीकडे एकच राहील. हे लई मोलाचं आहे, कारण मराठीत चारशे आणि इंग्रजीत साडेचारशे असा घोळ होतच नाही. तेलुगू पान अजून लिहिलेलं नसेल तर मूळ भाषेतलं दिसतं, रिकामं पान दिसत नाही.

पानाच्या पत्त्याचा प्रश्न मात्र सगळ्या मराठीवाल्यांनी समजून घ्या. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं कॉम्प्युटरात साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं असतं, पत्त्यात ते टक्क्याची चिन्हं घालून लिहिलं की नऊ अक्षरं होतात, काना-मात्रा-वेलांटीचे पण नऊ-नऊ. वर्डप्रेसमध्ये स्लगला (पत्त्यातला शीर्षकावरून झालेला भाग) २०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण २२ चिन्हं झाली की संपलं. "सोलापुरी जेकार्ड चादर डबल बेड" असं शीर्षक दिलं तर पत्ता "डब" वर तुटतो, बघा करून. ड्रुपल पत्ता देवनागरीतच साठवतं त्यामुळे असा तुटत नाही, तरी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की टक्क्यांची रांग दिसते आणि गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून आम्ही पत्ते रोमनमध्ये हाताने देतो. आणि ऱ्य. "व्यापाऱ्यांसाठी" मधला ऱ्य दोन तऱ्हेने टाईप होतो, एक नुक्तावाला ऱ घेऊन आणि दुसरा साधा र, हलंत आणि मधे न दिसणारा जोडक घालून. डोळ्याला सारखेच, सर्चला वेगळे. वेगवेगळ्या कीबोर्डवरून टाईप झालेला मजकूर असेल तर सेव्ह होताना एकाच तऱ्हेवर आणणारा छोटा कोड टाकून घ्या, आम्ही टाकलाय, सर्च सुधारला. पानाची भाषा मराठी म्हणून नीट सांगितली का तेही बघा, हिंदी सांगितली तर काही फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आपल्या माणसाला ते लगेच खटकतं.

जुनी माहितीपत्रकं सगळी युनिकोडच्या (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या फाँटमध्ये होती. कन्व्हर्टरने बदलून घेतली, पण रफार आणि जोडाक्षरं एकेक ओळ वाचूनच दुरुस्त करावी लागतात, याला शॉर्टकट नाही. या कामाचे पैसे वेगळे धरा.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मजकुराच्या पायऱ्या. मूळ पायऱ्या ड्राफ्ट, पब्लिश्ड अशा, आम्ही त्यांची नावं बदलून "लिहून झालं", "अण्णांकडे", "साईटवर" अशी ठेवली. अक्का लिहितात, अण्णा मोबाईलवर बघून पुढे ढकलतात. आणि प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणी, कधी, काय बदललं. दिवाळीआधी एका डीलरने स्क्रीनशॉट पाठवून भांडण काढलं की साईटवर रेट कमी होता, जुन्या नोंदी उघडून दाखवल्या, तो रेट आधीच्या महिन्यातला होता, पाच मिनिटात विषय मिटला. अण्णांचा वेबसाईटवर विश्वास बसला तो त्या दिवशी.

फोटोंसाठी एकच सांगतो. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो तसेच टाकले की मीडिया लायब्ररीत नुसत्या आकड्यांची नावं जमतात आणि दोन महिन्यांनी काही सापडत नाही. नाव आणि वर्णन भरल्याशिवाय फोटो सेव्हच होणार नाही असं करून ठेवा.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या. लिहिता लिहिता आपोआप सेव्ह होणं कोअरमध्ये नाही. वर्डप्रेसमध्ये हे कधीपासून आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात आणि वळवाच्या पावसात लाईट जाते, अक्कांचं तेलुगूतलं अर्धं पान गेलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. वेगळं मॉड्यूल (ड्रुपलचं जोडसॉफ्टवेअर) टाकून सोय झाली, पण एवढी मूलभूत गोष्ट मुळात पाहिजे. ॲडमिनची (लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या कामाच्या पानांची) मराठी अर्धीमुर्धी आहे, एक बटण मराठीत, शेजारचं इंग्रजीत. फील्डची नावं आणि खालच्या सूचना आपण लिहितो त्या मराठीत ठेवल्या म्हणून निभावलं, "रुंदी इंचात लिहा, फक्त आकडा" असं लिहिलं की कोणाला काही विचारावं लागत नाही.

सर्व्हर स्वस्तातला चालत नाही. ड्रुपल ११ ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची ८.३ आवृत्ती लागते, कंपोझर नावाच्या साधनाने अपडेट करायला मेमरी लागते, आधीचं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांत वाटलेला सर्व्हर (नाव नको), तिथेच अडलं, व्हीपीएस, म्हणजे आपल्या वाट्याचा वेगळा सर्व्हर, घ्यावा लागला. सिक्युरिटीच्या सूचना बुधवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, आणि त्या बघणारा माणूस लागतोच. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ चा एक मोठा दोष जाहीर झाला तेव्हा नंतर सांगितलं गेलं की सात तासांच्या आत पॅच (दुरुस्ती) केला नसेल तर साईट गेली असंच धरा. तेव्हापासून मी देखभालीच्या कराराशिवाय ड्रुपल कोणाला बसवून देत नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

आणि माणसं. इथल्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांना वर्डप्रेस येतं, ड्रुपल शिकलेला पोरगा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातो आणि तिकडचाच होतो. मला हे मनापासून लागतं. हे काम सोलापुरात बसून होतं, मी इतकी वर्षं करतोय, आणि यंत्रमागाच्या, बँकांच्या, शिक्षणसंस्थांच्या इतक्या साईटी इथे पडून आहेत की दहा जणांचं पोट भरेल. कोणाला शिकायचं असेल तर कोड नंतर शिका, आधी एखाद्या दुकानात जाऊन त्यांच्या मालाची यादी कागदावर नीट फील्ड पाडून लिहा. ते जमलं तर कोणतंही सीएमएस जमेल.

कोणी घ्यावं? पाच-सात पानांची साईट, एकच भाषा, बातम्या आणि फोन नंबर, तर वर्डप्रेस घ्या, सुखी राहाल. मालाचे शेकडो प्रकार, दोन-तीन भाषा, लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, असं असेल तर ड्रुपल ११ चा खर्च वसूल होतो. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो ऑटोसेव्ह आणि ॲडमिनच्या मराठीसाठी, त्यातल्या मराठीचं भाषांतर कोणीही करू शकतं, मी रविवारी थोडं थोडं करतोय, ज्याला हात लावायचाय त्याने खाली लिहा, कामं वाटून घेऊ.