बॅलरॅट : कॅरॅव्हॅन घेऊन सोन्याच्या गावात

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून बॅलरॅट जेमतेम 115 किलोमीटर. म्हणून बरेच जण सकाळी जाऊन संध्याकाळी परततात आणि तिथलं सॉव्हरिन हिल हे खाणकामाचं खुलं संग्रहालय अर्धवट पाहून येतात. कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, नेणार असाल तर दोन रात्री ठेवाच.

वाट वेस्टर्न फ्रीवेची. बॅकस मार्श सोडलं की पेंटलँड हिल्सचा लांबलचक चढ लागतो. मागे दीड-दोन टनांचं ओझं असताना ऑटोमॅटिक गिअर सारखा वर-खाली होतो आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. चढ लागण्याआधीच मॅन्युअलवर येऊन खालचा गिअर धरा. परतीच्या उतारावरही तेच, नुसत्या ब्रेकच्या भरवशावर उतरू नका. टो-बॉलवर, म्हणजे कॅरॅव्हॅन जोडायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, कॅरॅव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या साधारण 10 टक्के भार हवा. जड सामान मागे रचलं की शेपूट डोलायला लागतं, आणि आडव्या वाऱ्यात ते आवरत नाही.

मुक्काम सॉव्हरिन हिलजवळच्या कॅरॅव्हॅन पार्कात करावा, म्हणजे कॅरॅव्हॅन जागेवर ठेवून पायी जाता येतं. गाव चारशेहून जास्त मीटर उंचीवर आहे. जून ते ऑगस्ट हीटरशिवाय रात्र निघत नाही. विजेची केबल 15 अँपिअरचीच न्या आणि रिळावरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलवर हीटर आणि किटली एकदम लावली तर ती वितळू शकते.

सॉव्हरिन हिल म्हणजे जुन्या खाणींच्या जागेवर 1850च्या दशकातल्या गावासारखं नव्याने उभं केलेलं संग्रहालय, 1970 पासून खुलं. तिकीट स्वस्त नाही, पण पैसे वसूल होतात. वितळलेलं 3 किलो सोनं साच्यात ओततात, तो कार्यक्रम चुकवू नका. रेड हिल खाणीत 1858 साली सापडलेल्या सुमारे 69 किलोंच्या ‘वेलकम’ या सोन्याच्या गोळ्याची कथा दाखवतात. रस्ते मातीचे आणि चढाचे, त्यामुळे बाबागाडी ढकलताना दम निघतो.

खरी मजा तिथल्या ओढ्यावर सोनं धुण्यात आहे. पॅन, म्हणजे सोनं धुण्याची पसरट थाळी, दोन-तृतीयांश खडीने भरा, पाण्याखाली धरून चिकणमातीची ढेकळं बोटांनी पूर्ण फोडा. ढेकूळ तसंच राहिलं तर त्यात अडकलेलं सोनं त्याच्यासोबत वाहून जातं. मग पॅन आडवा ठेवून जोरात डावी-उजवीकडे हलवा. सोनं वाळूपेक्षा सातपट जड, ते तळाला बसतं. त्यानंतरच पॅन पुढे कलवून वरचा थर धुवा. बहुतेकांची गडबड इथेच होते : न हलवताच कलवतात. शेवटी चमचाभर काळी वाळू उरली की थोडं पाणी घेऊन हलकेच फिरवा. पिवळे कण मागे रेंगाळतात. हाताला सनस्क्रीन असेल तर आधी साबणाने धुवा, तेलकटपणामुळे बारीक सोनं तरंगतं. शंका आली तर कण सावलीत धरा. सोनं तिथेही पिवळंच दिसतं, अभ्रक मात्र विझतं. इथल्या ओढ्यात सोनं मुद्दाम टाकलेलं असतं हे खरं, पण सापडलेलं घरी नेता येतं आणि कसब तर अस्सलच शिकायला मिळतं.

दुसरा दिवस युरेकासाठी, म्हणजे खाणकामगारांच्या उठावाच्या जागेसाठी, राखून ठेवा. खाणीच्या परवान्याला सुरुवातीला महिन्याला 30 शिलिंग, सोनं मिळो न मिळो. त्या जाचातून 3 डिसेंबर 1854चा उठाव पेटला. खाणकामगारांचा मूळ निळा झेंडा युरेका सेंटरमध्ये आहे. सॉव्हरिन हिलच्या देखाव्यानंतर ही अस्सल वस्तू बघायलाच हवी. जुन्या इमारतींच्या लिडियर्ड स्ट्रीटवर फिरायला मात्र फक्त गाडी न्या. कॅरॅव्हॅन जोडलेली असेल तर पार्किंग मिळणं कठीण.