पेटी, पट्ट्या आणि सिलिका जेल: बडोद्यातील एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

दागिने जपण्याच्या साधनांबद्दल वाचायला मिळणारे अभिप्राय बहुतेक वेळा वस्तू घरी आल्याच्या आठवड्यातच लिहिलेले असतात, आणि कोरड्या हवेत पहिल्या आठवड्यात कोणतीही पेटी चांगलीच वाटते. म्हणून हा अभिप्राय मी मुद्दाम पावसाळा सरून दिवाळी उरकेपर्यंत लांबवला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सासूबाईंनी बँकेच्या लॉकरमधले काही दागिने सणावारी घालता यावेत म्हणून घरी आणायचे ठरवले, तेव्हा मी कप्प्यांची आणि मखमली अस्तराची एक लाकडी पेटी, चांदी काळी पडू नये म्हणून मिळणाऱ्या कागदी पट्ट्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि हवेतील आर्द्रता दाखवणारे एक छोटे डिजिटल यंत्र अशी खरेदी केली. पेटीने निराशा केली, पट्ट्या अपेक्षेपेक्षा चांगल्या निघाल्या, आणि जेमतेम तीनशे रुपयांचे ते यंत्र नसते तर बाकीच्या वस्तूंबद्दल मला काहीच खात्रीने सांगता आले नसते.

आमच्याकडे पाटल्या, बिलवर, पोकळ गोठ, मोहनमाळ आणि ठुशी हे सोन्याचे दागिने आहेत. मोत्यांची दुपदरी माळ, चिंचपेटी आणि नथ आहे, हिऱ्याच्या कुड्या आहेत, आणि चांदीचे पैंजण, जोडवी व एक जुना कमरपट्टा आहे. या यादीतच सगळी अडचण दडलेली आहे. सोन्याला हवेचे फारसे सोयरसुतक नसते, त्याला फक्त घासाघीस सोसत नाही. चांदीला कोरडी आणि बंद जागा हवी, तर मोत्यांना थोडा ओलावा आणि थोडी मोकळी हवा हवी. तेव्हा 'सर्व दागिन्यांसाठी एकच पेटी' असे कोणी विकत असेल तर त्यातल्या निदान एका दागिन्याच्या वाट्याला चुकीची जागा येणार, हे गृहीतच धरावे.

पेटी दिसायला देखणी आहे, हे मान्य करायला हवे. सागवानी म्हणून विकलेली ही पेटी प्रत्यक्षात वरून सागाचा पातळ थर चिकटवलेल्या एमडीएफची आहे, हे तळाच्या मखमलीचा एक कोपरा उचलल्यावर कळले. एमडीएफमध्ये लाकडाचे बारीक तंतू फॉर्माल्डिहाइडयुक्त चिकटद्रव्याने दाबून बसवलेले असतात आणि झाकण बंद असले की त्यातून सुटणाऱ्या वाफा आतच कोंडून राहतात. सोन्याचे त्याने काही बिघडत नाही. पण मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि लाकडातून सुटणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे कपाटात ठेवलेले शंखशिंपले खराब होतात, हे संग्रहालयांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. माझ्या पेटीचे झाकण उघडले की चिकटवलेल्या सरसाचा आणि वॉर्निशचा उग्र वास येत असे, आणि तो कित्येक आठवडे गेला नाही.

मखमलीबद्दल मला जास्त शंका होती. ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली मांडलेली एक चाचणी संग्रहालयांत आजही वापरली जाते. प्रदर्शनाच्या कपाटात जे कापड, रंग किंवा लाकूड लावायचे असेल त्याचा तुकडा चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पट्ट्यांसोबत, किंचित पाणी घालून, काचेच्या बंद भांड्यात ६० अंश सेल्सियस तापमानाला २८ दिवस ठेवायचा आणि धातूवर डाग उमटतात का ते पाहायचे, असे तिचे स्वरूप आहे. घरी एवढी शिस्त शक्य नव्हती, म्हणून मी लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या सोड्याने घासून वाळवल्या, दोन्हींत ओल्या कापसाचा बोळा आणि लख्ख केलेले चांदीचे एकेक नाणे ठेवले, आणि त्यांपैकी एकीत पेटीच्या मखमलीची कातरण घातली. बरण्या माडीवरच्या गरम खोलीत ठेवून दिल्या. महिन्याभराने मखमलीच्या बरणीतील नाण्यावर, लक्ष्मीच्या मुकुटाच्या बारीक खाचांमध्ये, आधी पिवळसर आणि कडेकडेने निळसर झाक चढलेली दिसली. दुसरे नाणे जवळजवळ होते तसेच होते. दोष मखमलीच्या रंगात होता की तिच्या सरसात, हे या प्रयोगातून कळत नाही, पण चांदी त्या अस्तरावर ठेवायची नाही एवढे ठरवायला तो पुरेसा होता. मग सर्व मखमल सोलून काढली, आतून खळ जाईपर्यंत धुतलेले मांजरपाट न चिकटवता नुसते घडी घालून बसवले, आणि आता त्या पेटीत फक्त सोने असते.

झाकणाच्या आतल्या बाजूस माळा टांगण्यासाठी पितळी आकडे दिलेले आहेत. विक्रेत्याच्या जाहिरातीत याच आकड्यांवर मोत्यांचा सर टांगलेला दाखवला होता, जे मला अजिबात पटत नाही. मोती रेशमात ओवलेले असतात, आणि टांगून ठेवलेली माळ स्वतःच्या वजनानेच हळूहळू लांबते. आमची दुपदरी माळ मी मांडवीकडच्या एका वयस्कर पटव्याला, म्हणजे दागिने ओवून-गाठवून देणाऱ्या कारागिराला, दाखवली तेव्हा त्यांनी ती बोटांवर आडवी धरून मोत्यांमधल्या गाठी नखाने सरकवून पाहिल्या. आकडीजवळच्या चार-पाच मोत्यांपाशी गाठ आणि मोती यांच्यामध्ये उघडे रेशीम दिसत होते आणि ते काळवंडलेले होते. "ताई, मोती शंभर वर्षं टिकतो, दोरा नाही," एवढेच बोलून त्यांनी माळ नव्याने गाठवायला ठेवून घेतली. ही माळ आता मलमलीत गुंडाळून आडवीच ठेवतो.

आर्द्रतामापक यंत्र घेतल्यावर सर्वांत आधी ते खरे बोलते का हे तपासावे. मिठात पाण्याचे काही थेंब घालून केलेला ओलसर लगदा एका वाटीत घेऊन तो आणि यंत्र एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवले, की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझ्या यंत्राने ७९ दाखवले, म्हणून पुढच्या प्रत्येक आकड्यातून मी चार वजा करते. हे यंत्र कपाटात ठेवल्यावर बडोद्याच्या हवेची जी लहर दिसली ती डोळे उघडणारी होती: मे महिन्यातल्या दुपारी आकडा ३०च्या खाली उतरत असे आणि श्रावणात तोच ८०च्या वर जाऊन बसे. मोत्यांना पन्नाशीच्या आसपासची आर्द्रता मानवते, कारण मोत्याच्या थरांत खनिजाबरोबर थोडे प्रथिन आणि थोडे पाणीही असते, आणि अतिकोरड्या जागी तो दीर्घकाळ पडून राहिला तर निस्तेज होतो व त्याला बारीक चिरा जातात.

यामुळेच सिलिका जेलच्या पुड्यांबद्दल मला सावधपणे लिहावेसे वाटते. पेटीबरोबर विक्रेत्याने प्रत्येक कप्प्यासाठी एक पुडी फुकट दिली होती आणि सगळीकडे ती टाकावी असे सांगितले होते. चांदीसाठी हा सल्ला उत्तम आहे, मोत्यांसाठी तो घातक आहे, आणि ज्या पाचूच्या भेगांत तेल भरलेले असते त्यालाही फार कोरडी हवा बरी नव्हे. मोत्यांच्या डब्यातून मी पुडी काढून टाकली. वैशाखात त्याच खणात पाण्याची एक लहान वाटी ठेवत असे आणि पावसाळा लागताच ती उचलली. मोत्यांचा डबा हवाबंद नाही, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर ते कधीच नसतात. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी १८६०च्या दशकात करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा २००९ साली कतारमधील दोह्याच्या लिलावात निघाला, तेव्हा त्यावरची नक्षी अजून शाबूत होती. मोती नीट ठेवला तर पिढ्या ओलांडतो, याची आम्हां बडोदेकरांना वेगळी साक्ष नको.

पुड्या घेताना नारिंगी दाण्यांच्या घ्याव्यात. निळ्या दाण्यांच्या पुड्यांत बहुधा कोबाल्ट क्लोराइड असते, आणि लहान मुले असलेल्या घरात ते नसलेले बरे. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके पाणी शोषते आणि मग त्याचा काही उपयोग राहत नाही. पावसाळ्यात दाण्यांचा नारिंगी रंग हिरवा होण्यास, म्हणजे ते पाण्याने भरण्यास, माझ्या कल्पनेपेक्षा फार कमी वेळ लागला. ते पुन्हा कोरडे करायला ऊन पुरत नाही, ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोनेक तास तापवावे लागतात. हा उपद्व्याप ज्यांना जमणार नाही त्यांनी पुड्यांवर विसंबू नये.

चांदीसाठीच्या कागदी पट्ट्यांबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. हायड्रोजन सल्फाइडचा अगदी थोडा अंशही तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढवायला पुरतो, आणि दमट हवेत ही क्रिया वेग घेते. पट्टी तो वायू चांदीच्या आधी स्वतःकडे ओढून घेते, म्हणून ती बंद पिशवीतच काम करते. उघड्या ताटलीत ठेवली तर पैसे वाया. मी पैंजणांची एक जोडी पट्टीसह पॉलिथिनच्या झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, ठेवली आणि जोडवी नुसती कापडी बटव्यात ठेवली. गौरींसाठी दोन्ही काढली तेव्हा पैंजण चमकत होते आणि जोडव्यांच्या आतल्या बाजूवर तपकिरी छटा होती. पाकिटावर पट्टी सहा महिन्यांनी बदलावी असे छापले आहे आणि ते मी पाळणार आहे. पिशवी मात्र पीव्हीसीची नको, नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ती बाजूला ठेवावी. पैंजण एकत्र राहावेत म्हणून त्यांना रबर लावण्याची अनेक घरांत सवय असते. रबरात गंधक असते आणि जिथे ते टेकते तिथे चांदीवर नेमकी काळी रेघ उमटते. वर्तमानपत्रात चांदी गुंडाळण्याचीही तीच गत.

सोन्याबद्दल थोडक्यात. २२ कॅरेट सोन्यात ९१.६ टक्के सोने असते आणि ते मऊ असते. खनिजांची कठीणता एक ते दहा आकड्यांत सांगणाऱ्या मोहसच्या मोजपट्टीवर त्याची कठीणता अडीच-तीन, घरातल्या धुळीत असणाऱ्या वाळूच्या कणांची ७, माणिक-नीलमाची ९ आणि हिऱ्याची १०. म्हणजे हिऱ्याच्या कुड्या पाटल्यांबरोबर एका कप्प्यात ठेवल्या तर ओरखडे कोणाला पडणार हे सांगायला नको. प्रत्येक दागिना वेगळ्या मऊ बटव्यात, साखळ्यांची आकडी लावून, कुड्यांच्या फिरक्या बसवून ठेवतो. सराफ देतात तो गुलाबी कागद मी वापरत नाही, कारण ओल लागली की त्याचा रंग ठुशीच्या गोंड्याच्या दोऱ्याला लागतो.

पेटी कोठे ठेवायची, याचा विचार बडोद्यात दोन कारणांनी करावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट उन्हाळ्यात चांगलेच तापते, आणि पोकळ गोठांत भरलेली लाख उष्णतेने मऊ पडते. म्हणून आम्ही पेटी आतल्या खोलीतल्या कपाटात हलवली. दुसरे कारण विश्वामित्रीचे. २०२४च्या ऑगस्टअखेरीस नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचे खालचे खण सर्वांत आधी बुडाले, हे नात्यातल्या घरांत पाहिले आहे. दागिन्यांचा खण त्यामुळे माडीवर आणि खांद्याच्या उंचीवर आहे.

खरी परीक्षा नवरात्रात झाली. गरब्याहून परतल्यावर घाम आणि अत्तर यांसकट दागिना बटव्यात टाकला तर वरची सगळी व्यवस्था व्यर्थ आहे. रात्री कितीही उशीर झाला तरी मोती आधी ओलसर आणि मग कोरड्या मलमलीने पुसून रात्रभर ताटात पसरून ठेवायचे आणि सकाळी आत ठेवायचे, असा नियम केला. लक्ष्मीपूजनाला दागिन्यांवर वाहिलेले हळदीकुंकूही लगेच झटकावे लागते. कुंकू हळदीत चुना घालून करतात, ते कोंदणाच्या फटीत बसते आणि मोत्यांच्या रेशमाला कायमचा रंग देते. सासूबाईंना हे प्रथम फारसे रुचले नाही. यंदा मात्र त्यांनीच सोन्याच्या गोठावर हळदीकुंकू वाहिले आणि मोत्यांना नुसते फूल वाहिले.

नथीची सोय अजून झालेली नाही. तिच्या तारेला बाक असल्यामुळे ती पेटीच्या अंगठीच्या खाचेत बसत नाही आणि सपाट डब्यात ठेवली की मोत्यांचा भार तारेवर येऊन आकार फाकतो. सध्या ती एका लहान स्टीलच्या डबीत, मलमलीच्या वळकटीभोवती अडकवून ठेवली आहे, आणि डबीच्या झाकणाला हवेसाठी एक छिद्र पाडले आहे.