परसिमनच्या बीची काचपट्टी: दारे दिसतात, कड्या दिसत नाहीत

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी मिळणाऱ्या कायमस्वरूपी काचपट्ट्यांपैकी परसिमनच्या, म्हणजे हिमाचलात ‘जापानी फल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या फळाच्या, भ्रूणपोषाची (बीमध्ये अन्न साठवणाऱ्या ऊतीची) पट्टी मी नुकतीच मागवली. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या प्लाझ्मोडेझ्माटांच्या खुणा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणारे नमुने मोजकेच असल्यामुळे अपेक्षा मोठी होती, आणि दृश्यापुरती ती पुरी झाली.

या बीचे राखीव अन्न पेशीभित्तिकेतच साठवलेले असल्याने ४० च्या वस्तुभिंगाखालीच भिंती कमालीच्या जाड आणि पेशींच्या पोकळ्या आक्रसलेल्या दिसतात. १०० चे वस्तुभिंग लावून तेलाचा थेंब टाकला, की दोन पोकळ्यांमधली भिंत आरपार छेदणाऱ्या बारीक काळसर रेषा उमटतात. मधल्या सरळ, कडेच्या बाकदार. रंगकाम उत्तम आहे. छेद मात्र एका कडेला जाड राहिला असून तिथे रेषा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे विद्यार्थ्यांना पट्टी देण्यापूर्वी योग्य जागा शोधून ठेवावी लागते.

एडुआर्ड टँगल यांनी १८७९ मध्ये असे दुवे प्रथम वर्णिले ते कुचल्याच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या, बीमध्ये. काजऱ्याची अशी तयार पट्टी मिळाली तर मी आधी तीच घेईन, कारण ते विषारी बी वर्गात कापण्याची जोखीम कोणी घेऊ नये.

खरी तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. त्यात या रेषांना ‘पेशींमधील उघडी छिद्रे’ म्हटले आहे आणि एवढ्यावरच विषय संपवला आहे. प्रत्यक्षात सुमारे ५० नॅनोमीटर रुंदीच्या या मार्गाला पेशीपटलाचे अस्तर असते, मधून अंतर्द्रव्यजालिकेची चिंचोळी नळी जाते, आणि रेणूंची ये-जा मुख्यतः या दोहोंमधल्या अरुंद फटीतून होते. अनेक ऊतींमध्ये साधारण ८०० ते १००० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन म्हणजे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) रेणू सहज पार होतात. ३४२ डाल्टनच्या सुक्रोजला अडचण येत नाही, मोठ्या प्रथिनांना सहसा येते. ही मर्यादाही कायमची नसते. मार्गाच्या तोंडाशी भित्तिकेत कॅलोज (ग्लुकोजच्या साखळ्यांचा पदार्थ) साचले की वाट आवळते आणि बीटा-१,३-ग्लुकानेज या विकराने ते विरघळवले की ती पुन्हा मोकळी होते. जखम झाल्यावर किंवा रोगजंतूंचा हल्ला झाल्यावर वनस्पती कॅलोज वाढवून शेजाऱ्यांशी असलेला व्यवहार आवरता घेते. उलट तंबाखूचा मोझेक विषाणू ३० किलोडाल्टनचे स्वतःचे वहनप्रथिन वापरून हीच मर्यादा वाढवतो आणि आपला आरएनए पुढच्या पेशीत सरकवतो. पत्रकात यापैकी चार ओळी सहज मावल्या असत्या.

साध्या सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता सुमारे २०० नॅनोमीटर असल्याने डोळ्यांना दिसते ती रंगाने ठळक झालेली रेषा. तिची अंतर्रचना दिसणे शक्य नाही, आणि त्याचा दोष पट्टीला देता येणार नाही. कॅलोज पाहायचे तर ताज्या ऊतीला ॲनिलिन ब्ल्यू लावून प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक वापरावा लागतो. महाविद्यालयात १०० चे चांगले वस्तुभिंग असेल तर ही पट्टी जरूर घ्यावी, पत्रक बाजूला ठेवावे आणि नलिकेची आकृती फळ्यावर स्वतः काढावी. केवळ ४० पर्यंतची भिंगे असलेल्या शाळांनी विक्रेत्याकडे आधी नमुना पाहूनच मागणी नोंदवावी.